शाळेची शिदोरी आणि फळांचा रस

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या डब्यात फळांचा रस असावा की नसावा, असा प्रश्न कोणी साठ-सत्तर वर्षांपूर्वी विचारला असता तर त्याचा अर्थच पुष्कळांस उमगला नसता. डब्यात पोळीभाजी असावयाची, फार झाले तर गुळाचा खडा नाही तर लोणच्याची फोड. रस म्हटला म्हणजे तो वैशाखाच्या पंगतीत वाटीने वाढावयाचा, किंवा तापातून उठलेल्या माणसास चमच्याने पाजावयाचा. आज मात्र सुशिक्षित घरांतून हा प्रश्न मोठ्या तळमळीने विचारला जातो. एक पक्ष म्हणतो, रस म्हणजे फळच, आणि फळ कोणास वाईट? दुसरा पक्ष म्हणतो, रस म्हणजे साखरेचे पाणी. दोन्ही पक्षांना आपापले डॉक्टर सापडतात. इतिहासाची साक्ष मात्र कोणीच काढीत नाही. हा पदार्थ मुलांचे अन्न म्हणून केव्हा, कोठे आणि कोणत्या निमित्ताने मान्यता पावला, हे पाहिल्यावाचून तो आपल्या मुलांस द्यावा की नाही हे ठरविणे आम्हांस उतावळेपणाचे वाटते.

या विचारासाठी आम्ही पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका डोळ्यांपुढे ठेविला आहे. तसे करण्यास कारण आहे. या एकाच तालुक्यात शाळेच्या जेवणाची दोन अगदी निराळी चित्रे आज शेजारी-शेजारी पाहावयास मिळतात. पूर्वेकडे हिंजवडी, भूगाव, पिरंगुट या बाजूस पुणे शहर डोंगर ओलांडून आले आहे. तेथील खाजगी शाळांतील मुलांच्या दप्तरात नळी लावलेली रसाची पेटी सर्रास असते. पश्चिमेकडे, पौड सोडून धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीकडे जावे, तो जिल्हा परिषदेच्या लहान लहान शाळा लागतात. तेथे दुपारी खिचडी शिजते, आणि मुले ओळीने बसून ती खातात. पहिल्या ठिकाणी रस जास्त झाला काय हा वाद आहे. दुसऱ्या ठिकाणी फळच नाही, आणि त्याबद्दल वाद घालावयास कोणी नाही.

मुळशीतील मुलाच्या जुन्या शिदोरीचे वर्णन करण्यास फारशी शाई लागत नाही. खोऱ्यातील खाचरांत भात, आणि त्यातही आंब्याच्या मोहोरासारखा वास येणारा म्हणून नावाजलेला आंबेमोहर. उतारावर नाचणी आणि वरी. आंबेमोहर बहुधा विकावयाचा आणि नाचणी खावयाची, हा मावळ-मुळशीचा परिपाठ. म्हणून फडक्यात बांधून जे निघे ते नाचणीची भाकरी, चटणी आणि कांदा. फळ या शिदोरीत नसे. पण फळ खाण्यात नव्हते असे मात्र नव्हे. करवंदे, जांभळे, तोरणे, रायवळ आंबे, फणसाचे गरे हे सारे मूल रानात, वाटेवर, गुरांमागे खाई. ते जेवण नव्हते आणि कोणी दिलेलेही नव्हते. यात एक गोष्ट ध्यानात धरावी. रानमेव्याचा हंगाम चैत्रापासून ज्येष्ठापर्यंतचा, आणि तो जवळजवळ सबंध शाळेच्या उन्हाळी सुट्टीत जातो. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा करवंदीच्या जाळ्या रिकाम्या झालेल्या असतात. पुढे हिवाळ्यात बोरे, आवळे आणि चिंचा येत. शाळेच्या फाटकाशी पाटी घेऊन बसणारी म्हातारी हीच आपल्याकडील मुलांच्या फलाहाराची पहिली संस्था होय, असे आम्ही थट्टेने नव्हे तर गांभीर्याने म्हणतो. तिच्या पाटीत जे असे ते चावावे लागे, आणि त्याच्या बिया थुंकाव्या लागत.

याच खोऱ्यावर 1921 साली जो प्रसंग आला तो आमच्या वाचकांस ठाऊकच असेल. मुंबईस वीज पुरविण्यासाठी टाटा पॉवर कंपनीने मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतले. सुमारे पन्नास गावांच्या जमिनीचा प्रश्न निर्माण झाला. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रहास आरंभ केला. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यामुळे. लढा पुढे 1924 पर्यंत रेंगाळला आणि मोडला. 1927 साली खोऱ्यातील पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याच्या वीजघरावर पडू लागले. त्या लढ्याची हकीकत येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. सांगावयाचे ते एवढेच की, पाण्याखाली गेली ती मुख्यतः भाताची खाचरे होती. जे वर सरकले ते नाचणीच्या उतारावर सरकले. या मुलांच्या ताटात आज काय आहे याचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

आता रसाकडे वळू. आपल्या भाषेकडेच पाहिले तर रसाचे स्थान ठरलेले दिसते. ‘फराळ’ हा शब्द फलाहारावरून आला. उपासाच्या दिवशी फळ हे अन्नाच्या जागी बसते असा त्याचा अर्थ. आज फराळाच्या ताटात फळाखेरीज सर्व काही असते, ती गोष्ट निराळी. ‘पन्हे’ हा शब्द संस्कृत ‘पानक’ याचा अपभ्रंश. पानके आयुर्वेदात आहेत, पण ती तहानेची, उन्हाची आणि पाहुणचाराची पेये आहेत. उसाचा रस गुऱ्हाळावर प्यावयाचा. आमरस पोळीबरोबर खावयाचा, आणि तोही सहा-आठ आठवडे. मोसंबीचा रस तर आपण आजाऱ्याशी इतका जोडून टाकला आहे की, मोसंब्यांची पिशवी हातात घेऊन निघालेला गृहस्थ दवाखान्यात चालला आहे हे कोणासही सांगावे लागत नाही. सण, ऊन आणि आजार हे रसाचे आपल्याकडील तीन प्रसंग. निरोगी मुलाने रोज दुपारी रस प्यावा ही कल्पना यात कोठेच बसत नाही. ती बाहेरून आली, आणि जेथून आली तेथे तिला काही कारणे होती.

युरोपातील खलाशांना लांबच्या सफरीत हिरड्या सुजून, जखमा उकलून मारणारा जो स्कर्व्ही नावाचा रोग होई, त्यावर 1747 साली जेम्स लिंड या आरमारी वैद्याने बारा रोगी घेऊन प्रयोग केला. दोघादोघांच्या जोड्यांस त्याने निरनिराळे उपाय दिले, आणि ज्यांस संत्री व लिंबू मिळाले ते दोघे भराभर बरे झाले. इंग्रजी आरमाराने मात्र लिंबाचा रस सरसहा द्यावयास 1795 साल उजाडू दिले. सरकारी कामास लागणारा वेळ सर्व देशांत सारखाच असावा, असे यावरून अनुमान निघते. येथवर रस हे औषध होते आणि ते प्रौढ पुरुषांचे होते. ते मुलांकडे कसे आले याची कथा अधिक बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतील सुखवस्तू घरांतून अंगावरचे दूध बंद करून डब्यातील आटवलेले दूध आणि तयार पिठे तान्ह्या मुलांस देण्याची चाल पडली. 1883 साली टॉमस बार्लो या लंडनच्या डॉक्टराने दाखवून दिले की, या मुलांस होणारा हाडांचा वेदनामय रोग हा दुसरातिसरा कोणता नसून खलाशांचाच स्कर्व्ही आहे. पुढे शहरांतून दूध तापवून निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ झाली. तिने क्षयाचे व हगवणीचे जंतू मारले, पण दुधात जे थोडेबहुत क जीवनसत्त्व होते तेही घालविले. न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड हेस याने या विषयावर 1920 साली मोठा ग्रंथ लिहिला, आणि तापविलेल्या दुधावर वाढणाऱ्या बालकास संत्र्याचा थोडा रस द्यावा हा उपदेश डॉक्टरांच्या तोंडी बसला. म्हणजे मुलांच्या आहारात रस शिरला तो दुधातून गेलेली एक वस्तू चमच्याने परत घालण्यासाठी. तो रस चमचाभर होता, पेलाभर नव्हता. आणि तो तान्ह्या मुलांस होता, शाळकरी मुलांस नव्हता.

चमच्याचा पेला होण्याचे श्रेय वैद्यांस नाही, बागाइतदारांस आहे. कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागांतून इतके पीक येऊ लागले की फळ म्हणून ते खपेना. एका संत्र्याचा रस काढला तर तो अर्धा पेलाही होत नाही. एक पेला भरावयाचा तर दोन-तीन फळे लागतात. ही साधी त्रैराशिकाची गोष्ट तेथील संघाच्या ध्यानात आली, आणि 1916 साली ‘संत्रे प्या’ अशी जाहिरात त्यांनी देशभर झळकविली. रस काढण्याची यंत्रेही त्यांनीच विकली. 1932 च्या सुमारास क जीवनसत्त्वाची ओळख पटली; हंगेरीच्या सेंट-ग्योर्गी यांस 1937 साली नोबेल पारितोषिक मिळाले; जाहिरातीस शास्त्राची मोहर बसली. महायुद्धात इंग्लंडात फळ दुर्मिळ झाले तेव्हा तेथील सरकारने अमेरिकेतून आलेला घट्ट संत्रारस 1942 पासून बालकांस व गरोदर स्त्रियांस वाटला. ज्या बेटावर हिवाळ्यात ताजे फळ नाही आणि समुद्रात पाणबुड्या आहेत, तेथे हे धोरण शहाणपणाचेच होते. 1946 साली अमेरिकेत शाळेतील जेवणाचा कायदा झाला, त्याच्या उद्देशातच मुलांचे पोषण आणि शेतमालाचा खप या दोन्ही गोष्टी एकत्र नमूद आहेत. मुलांच्या पोटाचा आणि बागाइतदारांच्या गोदामाचा असा जाहीर विवाह दुसऱ्या कोणत्या कायद्याने लावला असेल असे वाटत नाही.

याच काळात आपल्या देशातील आहारशास्त्रज्ञ काय सांगत होते? निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन याने 1918 साली सुरू केलेली प्रयोगशाळा पुढे डब्ल्यू. आर. एक्रॉइड याच्या हाती आली. त्याने 1937 च्या सुमारास दक्षिणेतील मुलांच्या भातप्रधान आहारात निरनिराळे पदार्थ वाढवून पाहिले, आणि साय काढलेल्या दुधाने मुलांची उंची व वजन वाढते असे दाखविले. त्याच्या शिफारशी दूध, डाळी, पालेभाज्या आणि स्वस्त ताजी फळे अशा होत्या. रसाचा आग्रह त्यांत नव्हता. आपल्या मुलांची उणीव कोणती हे आपल्या देशात बसून पाहणाऱ्यास तेव्हाही दिसत होते. हीच प्रयोगशाळा 1958 साली हैदराबादेस गेली. तिचा उल्लेख पुन्हा यावयाचा आहे.

शाळेत जेवण देण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मद्रासच्या नगरपालिकेने 1920 साली, पी. त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना, गरीब मुलांस शाळेत खाणे देण्याचा ठराव केला, तो दर मुलामागे एक आणा खर्चाचा. कामराज आणि पुढे 1982 साली एम. जी. रामचंद्रन यांनी तोच वसा वाढविला. महाराष्ट्रात मात्र आपण उशिरा जागे झालो. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्र सरकारची योजना निघाली, तेव्हा मुलाच्या हाती महिन्यास तीन किलो तांदूळ पडू लागला. तो घरी जाई आणि घरातील सर्वांच्या ताटात वाटला जाई. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच दिले पाहिजे असा आदेश दिला, त्यानंतर खिचडीची चूल पेटली. 2021 पासून योजनेचे नाव बदलले आहे, माप मात्र बरेचसे जुनेच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीसाठी 150, 30 व 75 ग्रॅम. पहिल्यास 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने, दुसऱ्यास 700 उष्मांक व 20 ग्रॅम. हे कोष्टक आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. त्यात फळ नाही.

फळ आले ते आडवाटेने. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा मुलांस अंडे द्यावे असे ठरविले, आणि जी मुले अंडे खात नाहीत त्यांस केळे किंवा फळ. मग अंडे खाण्यावरून जो गदारोळ झाला त्यात केळ्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही. जानेवारी 2025 मध्ये या जादा खर्चातून सरकारने हात काढून घेतला आणि लोकसहभागातून व्यवस्था करावी असे सुचविले. हिंजवडीजवळच्या एखाद्या गावास लोकसहभाग अवघड नाही. ताम्हिणीकडच्या वाडीवर, जेथे कर्ते पुरुष कामासाठी पुण्यात राहतात, तेथे हा लोकसहभाग कोणी करावयाचा?

इकडे सरकारी खिचडीत फळाला जागा नाही, तो तिकडे शहरी डब्यात रस येऊन बसला होता. 1985 साली फ्रूटी हे आंब्याचे पेय कागदी पेटीतून बाजारात आले, आणि थंड न ठेवताही महिनोनमहिने टिकणारे गोड पेय हाती पडताच त्याने मुलांचे जग जिंकले. या पेट्या करणारा टेट्रा पॅकचा कारखाना आज पुणे जिल्ह्यातच, चाकणला आहे. येथे एका भेदाकडे वाचकांचे लक्ष वेधले पाहिजे, कारण पुष्कळ सुशिक्षित मातापित्यांसही तो ठाऊक नसतो. पेटीवर ‘फळांचे पेय’ असे असेल तर आपल्या अन्न-नियमांप्रमाणे त्यात दहा टक्के फळ असले म्हणजे पुरे. लिंबाच्या पेयास तर पाच टक्के. उरलेले पाणी आणि साखर. ‘शंभर टक्के रस’ असे म्हणणाऱ्या पेट्यांतही पुष्कळदा रस आटवून, पुन्हा पाणी घालून भरलेला असतो, म्हणून जून 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हा शंभर टक्क्यांचा दावाच वेष्टनावरून काढून टाकण्याचा हुकूम दिला.

बरे, घरी काढलेला निर्मळ रस घेतला तरी काय? दोनशे मिलिलिटर संत्रारसात, वरून कणभर साखर न घालता, सतरा ते वीस ग्रॅम साखर असते, म्हणजे चार चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेची मर्यादा घातली तेव्हा फळातील साखर तिने मोजली नाही, पण त्याच फळाच्या रसातील साखर मोजली. हा पक्षपात नव्हे. फळातील साखर चोथ्याच्या घरात कोंडलेली असते, ती चावून चावून हळूहळू सुटते. रस काढताच घर मोडते. तीन संत्री एका बैठकीत खाणारे मूल विरळा, तीन संत्र्यांचा रस दोन मिनिटांत पिणारे घरोघर. पिऊन झाल्यावर पोट भरल्याची जाणीव होत नाही, आणि मग पोळीभाजी तशीच घरी परत येते ती येते. 2024 च्या मे महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (कुन्नूरची जुनी प्रयोगशाळा ती हीच) भारतीयांसाठी जी नवी आहारसूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतही रसापेक्षा सबंध फळ बरे असा स्पष्ट कौल आहे.

तरीही डब्यात रसाची पेटी ठेवणाऱ्या आईस दोष देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. सकाळी सातला बस येते. चिरलेले सफरचंद मधल्या सुट्टीपर्यंत काळे पडते, केळे दप्तरात चेंगरते, संत्रे सोलता सोलता पंधरा मिनिटांची सुट्टी संपते, आणि डाळिंब सोलून द्यावयास घरात आजी लागते. पेटी सांडत नाही, नासत नाही, परतही येत नाही. मूल काहीच पिणार नसेल तर हेच प्यावे, असा तिचा विचार असतो. उघड्यावरच्या बर्फ घातलेल्या उसाच्या रसापेक्षा ती निर्धोक आहे हेही खरे. ही सारी कारणे खरी आहेत, आणि ती सर्व वेळेच्या टंचाईची आहेत, पोषणाची त्यांत एकही नाही. मोठ्या माणसांची सोय मुलाचा आहार म्हणून मांडली जाते, एवढेच आमचे म्हणणे.

आम्हांस खरी चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सुशिक्षितांच्या डब्यात जे प्रतिष्ठेने बसते ते काही वर्षांनी सरकारी आहारात मागितले जाते. ही कल्पना आमच्या मनची नव्हे. 2007-08 साली बिस्किट-कारखानदारांच्या संघटनेने खासदारांस पत्रे पाठवून शाळेत शिजविलेल्या अन्नाच्या ऐवजी बिस्किटांची पाकिटे द्यावीत असा प्रयत्न केला होता, आणि कित्येक खासदारांनी ती शिफारस पुढे ढकललीही होती. ती योजना मनुष्यबळ विकास मंत्रालयाने मानली नाही. पण पाकीट चुलीपेक्षा सोपे, स्वच्छ आणि मोजावयास बरे हा युक्तिवाद मेला नाही. उद्या कोणी म्हणेल, कोष्टकात फळ नाही ना, मग रसाची पेटी द्या. वाहतूक सोपी, हिशेब सोपा, वर जीवनसत्त्वाचे नाव. त्या दिवशी या वादात आपण कोणती बाजू घेऊन ठेवली आहे हे कामास येईल.

म्हणून मुळशीच्या शाळेत खिचडीशेजारी काय असावे, हा प्रश्न त्या मुलांची उणीव पाहून सोडविला पाहिजे. 2016 ते 2018 या काळात देशभर झालेल्या पाहणीत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी शेकडा 24 मुलांत आणि त्यांहून मोठ्या मुलांत शेकडा 28 जणांत रक्तक्षय आढळला. भात, डाळ, नाचणी यांत लोह असते, पण ते अंगी लागत नाही. आंबट ताजे फळ त्याच जेवणाबरोबर खाल्ले तर अधिक लागते. मेक्सिकोत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गावरान जेवणाबरोबर लिंबाचे सरबत दिले तेव्हा लोहाचे शोषण तिपटीवर गेले. पण प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, तेथेच रक्तात लोह कमी असलेल्या स्त्रियांना आठ महिने असे सरबत देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील लोहाच्या साठ्यात फरक पडला नाही. सरबताच्या भक्तांनी पहिला प्रयोग सांगावा आणि दुसरा गाळावा, हे बरे नव्हे. जिभेला चव आणि लोहाला थोडी मदत म्हणून खिचडीवर लिंबाची फोड पिळावी, उकळत्या पातेल्यात नव्हे, ताटात, एवढ्यापुरता रस आम्ही शाळेच्या जेवणात आनंदाने मान्य करतो.

याहून भक्कम पुरावा पेरूचा आहे. 2013 साली हैदराबादच्याच संस्थेने किशोरवयीन मुलांस भाताच्या जेवणाबरोबर पेरू देऊन मोजणी केली, तो लोहाचे शोषण दुप्पट झाले. पेरूत संत्र्याच्या चौपट-पाचपट क जीवनसत्त्व असते; तो सालीसकट खावयाचा, सोलावयाचा नाही; आणि त्याचा रस काढण्याची बुद्धी सहसा कोणास होत नाही, हा त्याचा मोठाच गुण. महाग फळ म्हणावे तर तेही नाही. पुणेकरांनी तर पेरूस परका म्हणूच नये. ‘सरदार’ या नावाने देशभर लागवड होणारी जात, जिला बागाइतदार अजून एल-49 म्हणतात, ती लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून पुण्याच्या गणेशखिंडीतील फळसंशोधन केंद्रात डॉ. गं. स. चीमा यांनी 1927 साली निवडली. मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्यावर पडू लागले तेच हे साल. धरण झाल्याची वार्ता मुंबईपर्यंत विजेच्या वेगाने गेली. गणेशखिंडीतले ते झाड मुळशीच्या शाळांपर्यंत पोहोचावयास मात्र अजून अवकाश आहे, वाट चाळीस-पन्नास किलोमीटरांचीच असली तरी.

अडचणी आहेत, आणि त्या लपविण्यात अर्थ नाही. ताम्हिणीच्या माथ्यावर पाऊस हजारो मिलिमीटर पडतो. तेथे कागदी लिंबावर खैऱ्या रोग येतो, आणि पावसाळ्यातल्या पेरूत फळमाशीची अळी निघते. पण पेरूचा मृग बहर घेतला तर फळ नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत उतरते. तेव्हा पाऊस सरलेला असतो, शाळा भर रंगात असते, आणि रानातली करवंदे-जांभळे चार-सहा महिन्यांच्या अंतरावर असतात. केंद्र सरकारने 2019 साली शाळांतून परसबागा कराव्यात अशा सूचना काढल्या आहेत, आणि मुळशीच्या कित्येक शाळांपाशी बांधापुरती तरी जागा आहे. पेरूचे कलम तिसऱ्या वर्षी फळ धरते. पहिलीत आलेल्या मुलाने जूनमध्ये लावलेल्या झाडाचा पेरू तो मुलगा चौथीत असताना खिचडीच्या ताटात पडू शकतो, आणि त्यासाठी कोष्टकात एक ओळ वाढविण्याचे काम तेवढे मंत्रालयात व्हावयाचे आहे.